दख्खनचे बिदरी हुक्के : घडण, नक्षी आणि जतन

बिदरी हुक्का म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले, काळेभोर केलेले आणि चांदी किंवा पितळ जडवून नक्षीदार केलेले हुक्क्याचे तळभांडे. बिदरी कामात पानदान, सुरई, तस्त, पिकदाणी, गुलाबदाणी, शमादान, पलंगाचे खूर, गालिचाच्या कोपऱ्यांवर ठेवायची वजने अशा कितीतरी वस्तू घडल्या. तरीही जगभरच्या संग्रहालयांत या कलेचे सर्वांत देखणे आणि सर्वांत जुने नमुने शोधू गेल्यास हुक्क्याची भांडीच पुन्हा पुन्हा समोर येतात. तंबाखूच्या व्यसनाने दख्खनच्या धातुकलेला तिचे मुख्य भांडे दिले, आणि ते व्यसन दुसऱ्या वाटेला लागल्यावर ही कला पोरकी झाली. या भांड्यांचा इतिहास, घडण, नक्षीचे प्रकार, काळ ओळखण्याच्या खुणा, ऱ्हासाची कारणे आणि आजची स्थिती यांचा हा आढावा आहे.

हुक्का आणि त्याचे भांडे

हुक्क्याचे चार मुख्य भाग असतात. वरती मातीची किंवा धातूची चिलीम, तिच्या खाली उभी नळी म्हणजे नैचा, त्याखाली पाण्याचे तळभांडे आणि ओढणाऱ्याच्या तोंडापर्यंत जाणारी लवचीक नळी. या लांब नळीला सटक म्हणत, आणि तिच्या टोकाला तोंडात धरायची मोहनाळ बसवलेली असे. चिलमीत गुळात मळलेली तंबाखू, म्हणजे गुडाखू, घालून वर निखारे ठेवत. ओढणाऱ्याने दम घेतला की भांड्यातल्या पाण्यावरच्या पोकळीत हवेचा दाब कमी होतो, चिलमीतला धूर उभ्या नळीने पाण्याखाली उतरतो, बुडबुडे होऊन वर येतो आणि गार होऊन तोंडाशी पोचतो. मराठीत याच साधनाला गुडगुडी असेही म्हणतात.

या रचनेत तळभांड्यावर बरीच कामे येऊन पडतात. ते पाझरता कामा नये. सतत पाणी असूनही गंजता कामा नये. लांब नळी ओढली गेली तरी कलंडू नये इतके ते जड हवे. बैठकीच्या मध्यभागी जमिनीवर ठेवले जात असल्याने चारी बाजूंनी ते पाहण्याजोगे हवे. नारळाच्या करवंटीचा हुक्का गरिबाची गरज भागवी. काचेचे, जेडचे, मिनाकारीचे आणि चांदीचे हुक्के राजदरबारांत असत. बिदरी भांडे या दोहोंच्या मधले होते. त्याचा मूळ धातू स्वस्त, वजन भरपूर, आणि चांदी फक्त नक्षीपुरती. चांदीच्या भांड्याइतका खर्च न करता चांदीचे तेज मिळत असे. जहागीरदार, मनसबदार, सावकार, सरदार अशा मोठ्या वर्गाला हे परवडले आणि म्हणूनच बिदरी हुक्क्यांची संख्या वाढली.

तंबाखू दख्खनेत येते

तंबाखू अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ती पश्चिम किनाऱ्यावर आणली आणि तिथून ती दख्खनच्या सुलतानी राज्यांत पसरली. उत्तरेत तिची पहिली ठळक नोंद दख्खनशीच जोडलेली आहे. अकबराचा वकील असद बेग विजापूरला इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या दरबारी गेला होता. शहजादा दानियाल आणि आदिलशाही राजकन्या यांच्या विवाहाचे ते काम होते. तंबाखू त्याने तिथे पाहिली आणि १६०४-०५च्या सुमारास परतताना रत्नजडित नळीसह अकबरापुढे ठेवली. दरबारातल्या हकिमांनी हरकत घेतली, तरी उमरावांमध्ये तिची चटक लागायला वेळ लागला नाही. १६१७मध्ये जहांगिराने तंबाखू ओढण्यावर बंदीचे फर्मान काढले, पण ते फार काळ पाळले गेले नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या चित्रांत दख्खनचे आणि उत्तरेचे उमराव हुक्क्याची नळी हातात घेऊन बसलेले सर्रास दिसतात.

बीदर आणि मराठी मुलूख

या कलेचे माहेर बीदर. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलवली. बहमनी राज्य फुटल्यावर बीदर बरीदशाहीकडे आले, १६१९मध्ये विजापूरने ते घेतले, १६५६मध्ये औरंगजेबाने जिंकले आणि १७२४नंतर ते निजामाच्या राज्यात राहिले. इराणी कारागिरांनी बहमनी काळात ही कला आणली अशी परंपरा बीदरमध्ये सांगितली जाते. मात्र खात्रीने पंधराव्या-सोळाव्या शतकातले म्हणता येईल असे बिदरी भांडे आज समोर नाही. हाती असलेले जुने नमुने सतराव्या शतकातले आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या ‘चहार गुलशन’ या फारसी ग्रंथात बीदरच्या जडावकामाचा उल्लेख येतो. काळ्या पार्श्वभूमीवर चमकते जडणकाम ही आवड मात्र बीदरला आधीपासून होती. किल्ल्यातल्या रंगीन महालात बरीदशाही काळात काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून केलेली नक्षी आजही पाहता येते.

बीदर आज कर्नाटकात आहे, पण १९५६पूर्वी हैदराबाद संस्थानाचा जो बीदर जिल्हा होता त्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके राज्यपुनर्रचनेत मराठी भागाकडे आले. ते आज लातूर जिल्ह्यात आहेत. भालकी, औराद, बसवकल्याण या बीदरच्या तालुक्यांत मराठी अजून घराघरांत बोलली जाते. बालाघाटात उगम पावलेली मांजरा नदी बीड, लातूर करीत बीदर जिल्ह्यात शिरते आणि पुढे गोदावरीला मिळते. त्यामुळे बिदरी ही मराठी माणसाला परक्या प्रांताची कला नाही. निजामी काळात औरंगाबादेतही बिदरी काम रुजले. आजच्या छत्रपती संभाजीनगरात पैठणी, हिमरू आणि बिदरी ही तीन नावे एकत्र घेतली जातात, आणि तिथल्या बिदरी वस्तूंवर अजिंठ्याच्या चित्रांतले आकारही उतरलेले दिसतात.

धातू

बिदरीचा मूळ धातू जस्त. त्यात थोडे तांबे घालतात. सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे हे प्रमाण कारागीर सांगतात. जुन्या भांड्यांच्या रासायनिक तपासणीत शिसे आणि किंचित कथीलही सापडते. हे प्रमाण भांड्यागणिक बदलते, पण जस्ताचा वाटा नेहमीच फार मोठा असतो.

जस्त निवडण्यामागे भारताचे एक जुने तंत्रज्ञान आहे. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळते, पण ९०७ अंशांना उकळून वाफ होऊन जाते. खनिजापासून धातू वेगळा करायला लागणारी उष्णता याहून अधिक असल्याने साध्या भट्टीत जस्त हाती लागत नाही, त्याची वाफ उडून जाते. राजस्थानात उदयपूरजवळ जावर इथे ही वाफ गार करून धातू मिळवण्याची रीत मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर चालत होती. तिथल्या मातीच्या मुशींचे ढीग आजही उभे आहेत. युरोपात जस्ताचे असे उत्पादन अठराव्या शतकात सुरू झाले. चीनमधूनही जस्त समुद्रमार्गे भारतात येई. जस्त हाच मुख्य धातू धरून इतकी मोठी कलापरंपरा उभी राहिल्याचे उदाहरण जगात दुसरे क्वचितच सापडेल.

तांब्याचा तो छोटा वाटा मात्र फार मोलाचा आहे. शुद्ध जस्तावर बीदरचा काळा रंग तसा चढत नाही. तो काळेपणा पृष्ठभागावरच्या तांब्यामुळे येतो.

घडण

आधी ओतकाम. आज साचा रेतीचा करतात. बारीक रेतीत एरंडेल आणि राळ मिसळून ती साच्यात ठासतात आणि दोन भागांत भांड्याचा ठसा घेतात. मुशीत वितळलेला धातू साच्यात ओतला की तो लवकर गोठतो. एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत दुसरीही रीत येते. माती आणि शेणाचा गाभा चरकावर फिरवून घडवायचा, त्यावर मेण-राळेचा थर द्यायचा, वर पुन्हा माती लिंपायची आणि मेण वितळून गेल्यावर उरलेल्या पोकळीत धातू ओतायचा. मेण वितळवून ओतकाम करण्याची ही कल्पना गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरात घडवा कारागिरांच्या ढोकरा कामातही आहे. फरक इतकाच की ढोकऱ्यात मेणाच्या धाग्यांची नक्षी ओतकामातच उतरते, बिदरीत मात्र ओतलेले भांडे कोरे असते आणि नक्षीचे काम त्यानंतर सुरू होते.

ओतून निघालेले भांडे राखाडी आणि खरबरीत असते. ते कानशीने घासून, पुढे बारीक घोटून गुळगुळीत करतात. मग त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतात. पृष्ठभाग तात्पुरता काळसर होतो आणि त्यावर टोकदार कलमाने काढलेली रेघ पांढरी उठून दिसते. आरेखन बहुधा हातानेच होते, छापा वापरत नाहीत. भांडे गोल असल्याने नक्षीचे समान भाग आधी वर्तुळाने पाडून घ्यावे लागतात, नाहीतर शेवटचे फूल पहिल्या फुलाशी जुळत नाही.

यापुढचे काम सर्वांत चिकाटीचे. कारागीर जमिनीवर बसतो, भांडे मेण-राळेच्या गोळ्यावर घट्ट बसवतो आणि छोट्या हातोडीने छिन्नी ठोकत आरेखनाच्या रेघेवरून खाच पाडत जातो. खाच वरून अरुंद आणि आत किंचित रुंद ठेवली की त्यात बसवलेली तार पुन्हा बाहेर येत नाही. चांदीची तार खाचेत धरून वरून हलके ठोकतात. चांदी मऊ, ती पसरून खाचेच्या कडांना धरते. डिंक नाही, झाळ नाही, फक्त ठोकणे. पानाफुलांच्या जागी तारेऐवजी पातळ पत्र्याचे तुकडे कापून बसवतात. एका भांड्यावर शेकडो तुकडे असू शकतात, आणि प्रत्येकाची खाच वेगळी कोरावी लागते. काम पुरे झाले की सगळे पुन्हा घोटतात. मोरचुदाचा काळेपणा निघून जातो आणि राखाडी धातूवर चांदी मिसळून गेल्यासारखी दिसते. नक्षी या टप्प्यावर जेमतेम ओळखू येते.

आणि मग येते बीदरची माती. किल्ल्यातल्या जुन्या, ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती यासाठी वापरतात. ती नवसागर घातलेल्या पाण्यात कालवून उकळतात आणि तापवलेल्या भांड्यावर चोळतात. जस्त-तांब्याचा धातू काही क्षणांत काळाभोर होतो, चांदी मात्र जशीच्या तशी शुभ्र राहते. मातीतल्या क्षारांमुळे आणि नवसागरामुळे वरच्या थरातले जस्त निघून जाते, तांब्याचे प्रमाण वाढते आणि त्याचा काळा थर बसतो. चांदीवर या द्रावणाचा तसा परिणाम होत नाही. माती चांगली की नाही हे जाणते कारागीर जिभेवर चव घेऊन ठरवतात. शेवटी भांड्यावर तेल चोळतात, त्याने काळा रंग खोल आणि सारखा होतो. हुक्क्याच्या भांड्याचा आतला भाग मात्र राखाडीच राहतो, कारण तिथे पाणीच असणार.

जडणकामाचे प्रकार

जडवण्याच्या रीतींवरून बिदरीचे काही प्रकार पडतात. तारकशीत फक्त तार असते. वेलींचे देठ, कडेच्या पट्ट्या, जाळी अशा बारीक रेषा तिने होतात. तहनिशांमध्ये खोल खाचेत पत्रा बसवून तो पृष्ठभागाशी समतल करतात. सतराव्या आणि अठराव्या शतकातल्या बहुतेक देखण्या हुक्क्यांवर हेच काम आहे. जरनिशांमध्ये चांदी किंचित उठावाची राहते. जरबुलंदमध्ये ती चांगलीच उंच उठते, फुलांच्या पाकळ्यांना फुगीरपणा येतो आणि हाताला नक्षी लागते. आफताबी हा प्रकार उलटा. त्यात मोठ्या पत्र्यातून नक्षीचे आकार कापून काढतात आणि पत्रा भांड्यावर बसवतात, म्हणून चांदीच्या पार्श्वभूमीवर काळी फुले दिसतात.

धातूंची निवडही महत्त्वाची. चांदी सर्वांत अधिक वापरली गेली. जुन्या नमुन्यांत पितळही भरपूर आहे. काळ्यावर पिवळे पितळ आणि पांढरी चांदी एकत्र आली की फुलांना दोन रंग मिळतात, आणि काही भांड्यांवर फूल चांदीचे आणि पाने पितळेची अशी वाटणी दिसते. सोने क्वचितच दिसते.

आकार आणि काळाच्या खुणा

बिदरी हुक्क्यावर बनवणाऱ्याचे नाव किंवा साल फार क्वचित असते. त्यामुळे काळ ठरवताना आकार, नक्षी आणि समकालीन चित्रे यांवर अवलंबून राहावे लागते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या अभ्यासक सुझन स्ट्राँज यांनी १९८५मध्ये तिथल्या बिदरी संग्रहाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून या क्रमाची मांडणी बरीच स्थिर झाली आहे.

सर्वांत जुना आकार चेंडूसारखा गोल. वर आखूड मान, मानेला कडे, आणि तळाला बैठक नाही. असे भांडे जमिनीवर आपोआप उभे राहत नाही, म्हणून त्याखाली चुंबळीसारखे कडे ठेवावे लागे. ही कडीही बिदरी कामाची असत आणि त्यांतली काही संग्रहालयांत भांड्यापासून तुटून स्वतंत्रच पडलेली आढळतात. सतराव्या शतकाच्या चित्रांत हेच गोल हुक्के दिसतात. अठराव्या शतकात आकार घंटेसारखा झाला. तळ रुंद आणि सपाट, खांदे गोलसर, मान उंच. कड्याची गरज संपली, हुक्का भक्कम उभा राहू लागला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या चित्रांत आणि युरोपीय अधिकाऱ्यांच्या तसबिरींत घंटाकृती हुक्काच सर्रास आहे. याखेरीज आंब्याच्या किंवा नारळाच्या आकाराची छोटी भांडीही होती. ती हातात धरून किंवा प्रवासात वापरली जात.

नक्षीचाही क्रम आहे. सतराव्या शतकाच्या भांड्यांवर मोकळी जागा राखलेली असते. खसखशीचे, कमळाचे किंवा आयरिसचे एकेक रोप मुळापासून फुलापर्यंत उभे असते, आणि दोन रोपांमध्ये काळा धातू दिसत राहतो. हा मुघल फुलांचा संस्कार आहे. जहांगीर आणि शहाजहानच्या काळातल्या चित्रांत आणि इमारतींवर जी फुलझाडे कोरली गेली तीच दख्खनच्या धातूवर आली. काही भांड्यांवर कमानींच्या रांगा असतात आणि प्रत्येक कमानीत एक झाड. मोजक्या हुक्क्यांवर पाणी, मासे, पक्षी, इमारती असे अख्खे दृश्य गुंफलेले आहे. अशी भांडी दुर्मिळ. अठराव्या शतकात नक्षी दाट होत गेली, वेली एकमेकींत अडकल्या, पट्ट्यांची संख्या वाढली. एकोणिसाव्या शतकात बारीक तारकाम आणि ठरावीक बुट्ट्यांची पुनरावृत्ती आली. अशर्फी की बूटी हे गोल फुलांच्या भरगच्च नक्षीचे नाव याच काळाशी जोडले जाते.

एक गोष्ट मात्र सर्व काळात टिकली. नक्षी भांड्याच्या वळणाला धरून चालते. मानेवर बारीक पट्टी, खांद्यावर पाकळ्यांचे वर्तुळ, पोटावर मुख्य फुले, तळाशी पुन्हा पट्टी. गोल पृष्ठभागावर मोठ्या फुलाचे टोक वर निमुळते होते आणि मान येईतो बरोबर संपते. आधुनिक सपाट डबीवर आणि कफलिंकवर तीच नक्षी उतरवली की ती मुळासकट खुडलेली वाटते, याचे कारण हेच. बिदरीची नक्षी गोल हुक्क्यावर वाढली होती.

इतर केंद्रे आणि शेजारच्या कला

बिदरी काम बीदरपुरते राहिले नाही. हैदराबाद, लखनौ, बिहारमधील पूर्णिया आणि बंगालमधील मुर्शिदाबाद इथे ते पोचले. फ्रान्सिस बुकॅनन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पूर्णियातल्या कारागिरांचे वर्णन लिहून ठेवले आहे. लखनौची खासियत जरबुलंद, त्यात मासे आणि द्राक्षवेली उठावाने येतात. त्यामुळे ‘बिदरी’ म्हटले की भांडे बीदरचेच असे समजता येत नाही.

बिदरीची कोफ्तगारीशी अनेकदा गल्लत होते. कोफ्तगारी पोलादावर होते. पोलादाच्या पृष्ठभागावर बारीक उभ्याआडव्या ओरखड्यांची जाळी करून त्यावर सोन्या-चांदीची तार ठोकून चिकटवतात. ती तलवारी, खंजीर, ढाली यांच्यावर अधिक आढळते. बिदरीत खाच कोरून धातू आत बसवतात, म्हणून ते झिजले तरी नक्षी टिकते. कोफ्तगारी घासली की निघते. तिसरी, मिनाकारी, ही रंगीत काचेची भर असते आणि तिच्यात जडणकाम नसते.

हुक्क्याचे सामाजिक स्थान आणि ऱ्हास

अठराव्या शतकात हुक्का हा पाहुणचाराचा भाग होता. निजामाच्या, पेशव्यांच्या, नागपूरकर भोसल्यांच्या काळात सरदारांच्या बैठकीत विडा, अत्तर आणि हुक्का यांचा मान असे. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनीही ती सवय उचलली. चिलीम भरणे, निखारे सांभाळणे, नळी धुणे यासाठी हुक्काबरदार नावाचा स्वतंत्र नोकर असे. १७७९मध्ये कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्ज पतिपत्नींच्या मेजवानीच्या निमंत्रणात पाहुण्यांनी हुक्काबरदाराखेरीज दुसरा नोकर आणू नये अशी विनंती होती, यावरून हुक्क्याचा पगडा कळतो.

या थाटातच हुक्क्याच्या ऱ्हासाचे कारण होते. त्याला नोकर लागे, निखारे लागत, बसायला वेळ लागे. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या समाजात चिरूट आले, मग सिगारेट. सामान्य माणसाला विडी मिळाली. विडीला भांडे लागत नाही, पाणी लागत नाही, नोकर लागत नाही. कामावर जाता-येता ती ओढता येते.

या बदलाचा एक धागा थेट चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात येतो. विडीचे पान तेंदूचे, आणि पूर्व विदर्भातली जंगले तेंदूसाठी देशभर ओळखली जातात. वैनगंगेकाठच्या वडसा (देसाईगंज) भोवतालच्या वनविभागात उन्हाळा तापू लागला की तेंदूची कोवळी पाने खुडून पुडे बांधण्याचा हंगाम सुरू होतो, आणि अनेक कुटुंबांच्या वर्षाच्या रोख उत्पन्नात त्याचा मोठा वाटा असतो. झाडीपट्टीच्या या मुलखात जडावाचा हुक्का घडल्याची परंपरा नाही. त्यासाठी लागणारा दरबार, जहागीरदार आणि नोकरवर्ग इथे तशा संख्येने नव्हता. इथे धुराची गरज चिलीम आणि पान भागवत आले. बीदरच्या कारागिराचे भांडे ज्या काळात मागे पडले त्याच काळात या जंगलाच्या पानाला देशभर बाजार मिळाला. 

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पाण्यातून गेला म्हणून हुक्क्याचा धूर निरुपद्रवी होत नाही. पाणी धूर गार करते, त्यातले विष काढत नाही. महाराष्ट्राने २०१८मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली. जुन्या भांड्याची थोरवी त्याच्या घडणीत आहे, त्यातून ओढलेल्या धुरात नाही.

हुक्क्यानंतरची बिदरी

ग्राहक गेल्यावर कारागिरांनी वस्तू बदलल्या. १८५१च्या लंडनमधील महाप्रदर्शनात बिदरी वस्तू मांडल्या गेल्या आणि युरोपीय संग्रहालयांनी त्या विकत घेतल्या. पुढे फुलदाण्या, डबे, ताटल्या, राखदाण्या आणि विसाव्या शतकात कफलिंक, लेखणीचे स्टँड, पदके अशी यादी वाढत गेली. बीदरमध्ये मुसलमान आणि लिंगायत या दोन्ही समाजांतल्या कारागिरांनी ही कला राखली. बिदरी कामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. २०२३मध्ये बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

तरीही अडचणी खऱ्या आहेत. चांदीचा भाव चढत राहतो आणि कारागिराचे भांडवल त्यात अडकते. जस्ताची वाफ आणि कानशीची धूळ आरोग्याला घातक आहे. खाच कोरण्याचे काम डोळ्यांवर ताण देते. स्वस्त नकलांत काळा रंग फासलेला असतो आणि तो खरवडला की निघतो. सर्वांत मोठी अडचण मागणीची. आठवण म्हणून घ्यायच्या छोट्या वस्तूवर कारागीर चार बुट्ट्या बसवतो आणि विकतो. हुक्क्याच्या भांड्यावर जी रचना लागत होती ती शिकण्याची संधी त्याच्या मुलाला मिळत नाही.

कुठे पाहावे, कसे जपावे

बिदरी हुक्के पाहायचे तर हैदराबादचे सालारजंग संग्रहालय, दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ही देशातली महत्त्वाची ठिकाणे. हैदराबादेतल्या जगदीश आणि कमला मित्तल संग्रहालयाचा बिदरी संग्रह अभ्यासकांत मान्यता पावलेला आहे. परदेशात लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन इथे उत्तम नमुने आहेत.

मराठवाड्यात, विदर्भात आणि जुन्या सरदार घराण्यांत अशी भांडी माळ्यावर किंवा देवघराच्या कोनाड्यात पडलेली असू शकतात. ती ओळखायची खूण सोपी आहे. भांडे दिसते त्यापेक्षा जड लागते, काळेपणा मंद आणि खोल असतो, नक्षीवर बोट फिरवले तर ती बहुधा पृष्ठभागाशी समतल लागते, आणि आत पाहिले तर राखाडी धातू दिसतो. चांदी काळवंडल्याने नक्षी आणि पार्श्वभूमी एकरूप झाली असेल तर भांडे सामान्य लोखंडी वाटते, आणि इथेच घात होतो. चिंच, लिंबू, राख किंवा पितांबरी लावून घासले की चांदी चमकते, पण बीदरच्या मातीने चढवलेला काळा थर निघून जातो. तो पुन्हा तसा आणणे घरी शक्य नाही. असे भांडे फक्त कोरड्या मऊ कापडाने पुसावे, ओलसर जागी ठेवू नये, आणि नक्षी उघडी करायची असेल तर जाणत्या जतनतज्ज्ञाकडून किंवा बिदरी कारागिराकडून करून घ्यावी.

मोडीत घातल्यास त्यातून जवळजवळ काहीच हाती लागत नाही. जस्ताला भाव नाही आणि चांदी पातळ. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार पुरावशेष ठरतात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणून जुने बिदरी भांडे सापडले तर चारी बाजूंनी त्याचे छायाचित्र घ्यावे, घरात ते कोणाकडून आले हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे, आणि जवळच्या संग्रहालयाला किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला दाखवावे. बिदरी हुक्क्यांवर नावे आणि साले सहसा नसतात. कुठले भांडे कुठे आणि कधी वापरले गेले हे आता अशा घरगुती नोंदींतूनच कळू शकते.